शेपटी छाटलेला पाकट ओळखायचा कसा

ससून डॉकवर किंवा भाऊच्या धक्क्यावर पाकट (स्टिंगरे) येतो तो बऱ्याचदा शेपटी छाटूनच. मेलेल्या माशाच्या शेपटीवरच्या काट्यातही विष राहतं, त्यामुळे खलाशांचं काही चुकत नाही. पण ओळख पटवणाऱ्याची निम्मी खूण शेपटीबरोबर जाते.

म्हणून आधी मासा उताणा करा. कल्ल्यांच्या फटी पोटाकडे असतील तर तो पाकटांच्या गोतावळ्यातला. बाजूला असतील तर कितीही चपटा दिसो, ती मुशीच (शार्क). करवतीसारखं तोंड बघून फसू नका: करवत मासा पाकटांचा भाऊबंद, करवत मुशी वेगळी. तिच्या करवतीला मिशा असतात. पाकट म्हणजे चपटी झालेली मुशी, हेही आता टिकत नाही. डीएनए पाहता सगळ्या मुशा एका फांदीवर आणि पाकटांचा सगळा गोतावळा दुसऱ्या.

या दुसऱ्या फांदीचे चार गण. विजेचा झटका देणारे टॉर्पेडिनिफॉर्मिस: गोल, गुळगुळीत, मऊ अंगाचे. गिटार मासे आणि करवत मासे ऱ्हायनोप्रिस्टिफॉर्मिसमध्ये. खरा गोंधळ उरलेल्या दोघांत होतो. स्केट, म्हणजे राजिफॉर्मिस, चामड्यासारख्या पिशवीत अंडी घालतात. त्यांची शेपटी जाड, टोकाजवळ सहसा दोन छोटे पर, विषारी काटा नाही. खरे पाकट, म्हणजे मायलिओबॅटिफॉर्मिस, पिल्लं देतात. शेपटीच नसेल तर मागचे पर बघा: स्केटचे मधे खाच पडून दुभंगलेले, पाकटाचे अखंड. आपल्याकडे स्केट खोल पाण्यातले, त्यामुळे किनाऱ्याजवळच्या जाळ्यातल्या माशावर ‘स्केट’ लिहिण्याआधी दोनदा बघा.

माप घ्यायचं ते चकतीच्या, म्हणजे डोकं, धड आणि पर मिळून झालेल्या चपट्या अंगाच्या, रुंदीचं, एका पराच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंत. तुटक्या शेपटीसकट मोजलेल्या लांबीची तुलना कशाशीच होत नाही. गिटार माशाची मात्र एकूण लांबीच घ्या. फोटो चार: पाठ, पोट, शेपटीचं मूळ, आणि तोंड-नाकपुड्या जवळून. पाठीचा एकच फोटो पाठवून नाव विचारणाऱ्यांना उत्तर देणं अवघड असतं.

जुन्या नोंदी चाळताना पाकटांच्या हिमँटुरा या प्रजातीचं (जीनस) नाव सारखं भेटेल. २०१६ मध्ये ती प्रजाती फोडली गेली. तिच्यातली इम्ब्रिकाटा ही जाती आता ब्रेव्हिट्रायगॉनमध्ये, गेरार्डी मॅक्युलाबॅटिसमध्ये. उआर्नाक मात्र हिमँटुरातच राहिला. म्हणून सरसकट ‘शोधा आणि बदला’ करू नका. जुनं नाव जसंच्या तसं एका रकान्यात ठेवा, नवं शेजारच्या रकान्यात. उद्या पुन्हा फेरफार झाला, तर मूळ नोंदीत काय होतं ते तरी कळेल.