काउंटी कोर्टाच्या दप्तरात माझे जुने नाव

२००९ साली कॅलिफोर्नियातल्या आमच्या काउंटीच्या (आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या) सुपीरियर कोर्टात अर्ज करून मी माझे नाव रीतसर बदलून घेतले होते. त्या हुकमाची प्रमाणित प्रत घरात कुठेतरी नीट ठेवलेली आहे, या भरवशावर पुढची कित्येक वर्षे गेली. वडील गेल्यावर गावाकडच्या जमिनीला वारस नोंद लावायची वेळ आली, तेव्हा मात्र ती प्रत सापडेना. शाळा सोडल्याच्या दाखल्यावरची मुलगी आणि अमेरिकन पासपोर्टावरची बाई एकच आहे, हे दाखवणारा तो एकमेव कागद होता आणि तिकडच्या वकिलांना तो अपोस्टीलसह, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून मिळणाऱ्या सरकारी प्रमाणपत्रासह, हवा होता. कोर्टाच्या दप्तरातून कागद शोधून काढणे आणि नंतर त्याच दप्तरात नवा कागद दाखल करणे, ही दोन्ही कामे मी वकिलाशिवाय केली. या वाटेला जाणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून ती सविस्तर लिहून ठेवते.

सर्वांत आधी, कोणत्या कोर्टाचे दप्तर पाहायचे हे ठरवावे लागते. अनेकजण पेसर या संकेतस्थळावर जाऊन खाते उघडतात, दर पानाला १० सेंट मोजायची तयारी ठेवतात आणि काहीच सापडत नाही म्हणून हताश होतात. पेसरवर फक्त फेडरल, म्हणजे केंद्रीय, कोर्टांचे कागद असतात. नावबदल, घटस्फोट, भाडेकरूशी वाद, उधारीची वसुली, मृत्यूनंतरची मालमत्ता ही सगळी कामे राज्यांच्या कोर्टांत चालतात आणि त्यांचे दप्तर ज्या त्या काउंटीत असते. ते सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याचे पदनामही राज्यागणिक बदलते. टेक्सासमध्ये डिस्ट्रिक्ट क्लार्क आणि काउंटी क्लार्क ही दोन वेगळी कार्यालये आहेत, न्यूयॉर्कमध्ये काउंटी क्लार्क हाच तिथल्या सुप्रीम कोर्टाचा (नाव तसे असले तरी ते तिथले सर्वोच्च न्यायालय नव्हे) क्लार्क असतो, तर पेनसिल्व्हेनियात दिवाणी दप्तर सांभाळणाऱ्याला प्रोथोनोटरी असे भारदस्त नाव आहे. कॅलिफोर्नियात मामला त्या मानाने सुटसुटीत आहे, कारण ५८ काउंट्यांना प्रत्येकी एकच सुपीरियर कोर्ट आहे. १९९८ च्या घटनादुरुस्तीनंतर जुनी म्युनिसिपल कोर्टे त्यांत विलीन होत गेली आणि २००१ पर्यंत ते काम पुरे झाले. त्याआधीचा एखादा छोटा दावा शोधत असाल, तर कागदांवर आज अस्तित्वात नसलेल्या कोर्टाचे नाव दिसेल. त्याने गोंधळून जाऊ नये.

खटला क्रमांक हाताशी असेल तर शोध पाच मिनिटांचा असतो. तो नसेल तर नावाच्या सूचीवर भिस्त ठेवावी लागते आणि मराठी माणसाची खरी परीक्षा तिथे सुरू होते. मी आधी माझे सध्याचे नाव घालून पाहिले; अर्थातच काही मिळाले नाही, कारण नावबदलाचा अर्ज सूचीत जुन्या नावाखाली लागतो. मग माहेरचे आडनाव घातले. तेही नाही. आडनावातला ‘ख’ लिहिताना लागणारा ‘एच’ काढून पाहिले, ‘व्ही’च्या जागी ‘डब्ल्यू’ घालून पाहिले, दोन नावे जोडून पाहिली. काही काउंट्या अशा प्रत्येक शोधाचे वेगळे पैसे लावतात; आमची लावत नव्हती म्हणून निभावले.

अखेर मी स्वतः कोर्टात गेले. दप्तर विभागात लोकांसाठी दोन-तीन संगणक ठेवलेले असतात आणि घरून न दिसणारे पुष्कळ काही तिथे दिसते. कॅलिफोर्नियाच्या कोर्ट नियमांनुसार सर्वसाधारण दिवाणी कागद इंटरनेटवर ठेवता येतात, पण कौटुंबिक, पालकत्वाच्या किंवा छळापासून संरक्षण मागणाऱ्या प्रकरणांतले कागद कोर्टाच्या इमारतीतच पाहावे लागतात. नोंद सार्वजनिक असणे आणि ती घरबसल्या मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि ही तफावत नियमाने मुद्दाम ठेवलेली आहे. मला ती योग्यच वाटते.

तिथल्या कर्मचारी बाईंनी माझी अडचण ऐकून एकच प्रश्न विचारला: “अर्जावर तुम्ही नाव कोणत्या क्रमाने लिहिले होते?” दहावीच्या गुणपत्रिकेवर असते तसे, म्हणजे आडनाव आधी, मग माझे नाव आणि शेवटी वडिलांचे, असे मी लिहिले होते. ज्याने कोणी ते सूचीत चढवले, त्याने इथल्या रिवाजाप्रमाणे शेवटचा शब्द आडनाव धरला होता. वडिलांचे नाव आडनावाच्या रकान्यात घालताच पडद्यावर एकच ओळ उमटली आणि ती माझीच होती. ज्यांच्या जमिनीसाठी हा सारा खटाटोप चालला होता, त्यांच्याच नावाखाली मी इतकी वर्षे त्या सूचीत बसले होते.

क्रमांक मिळाल्यावर त्या प्रकरणाचा रोजनामा उघडता येतो. अर्ज दाखल झाल्याची तारीख, वर्तमानपत्रात सलग चार आठवडे नोटीस छापून आल्याचा पुरावा, सुनावणी आणि हुकूम, असे सगळे टप्पे त्यात क्रमाने असतात. नकला मागण्यापूर्वी रोजनामा जरूर वाचावा, कारण पैसे पानांच्या हिशेबाने लागतात आणि सबंध फाइलची गरज क्वचितच असते. साध्या नकलेला पानामागे ५० सेंट, प्रमाणित करून घेण्याचे ४० डॉलर, आणि शोधायला दहा मिनिटांहून जास्त वेळ लागला तर शोधाचे १५ डॉलर, असे दर राज्याच्या कायद्यात ठरलेले आहेत. जुनी फाइल बहुधा बाहेरच्या गोदामात असते. माझी यायला काही दिवस लागले. फार जुन्या प्रकरणांत मात्र काय हाती लागेल हे फाइलीच्या प्रकारावर अवलंबून असते: साधारण दिवाणी फाइलीतले कागद १० वर्षांनी आणि कौटुंबिक प्रकरणांचे ३० वर्षांनी नष्ट करण्याची मुभा कायदा देतो, मोठ्या दिवाणी दाव्यांतले निवाडे कायमचे जपावे लागतात.

हुकूम हातात आला आणि पाहते तो माझ्या जुन्या आडनावातला तोच ‘एच’ गळलेला! माझ्या अर्जात तो होता, हुकमात नव्हता. कोर्टाला दोष देण्याची सोय नव्हती, कारण एनसी-१३० या नमुन्यातला हुकमाचा मसुदा अर्जदारानेच टाइप करून द्यायचा असतो आणि न्यायाधीश त्यावर सही करतात. गाळलेले अक्षर माझेच होते.

अशा लेखनचुका दुरुस्त करण्याचा अधिकार दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४७३, उपकलम ‘डी’ने कोर्टाला दिलेला आहे आणि दुरुस्ती मूळ तारखेपासून लागू व्हावी असा आदेश मागता येतो. त्याला नंक प्रो टंक हा लॅटिन शब्दप्रयोग वापरतात. मात्र मूळ निर्णयच बदलायचा असेल तर हा मार्ग चालत नाही. न्यायाधीशांना जे म्हणायचे होते ते कागदावर चुकीचे उतरले, एवढेच दाखवायचे असते. मी तीन गोष्टी तयार केल्या: काय मागते आहे ते सांगणारा अर्ज, एमसी-०३० या नमुन्यावरचे प्रतिज्ञापत्र आणि नव्या हुकमाचा मसुदा. प्रतिज्ञापत्राला मूळ अर्जाचे पान आणि चुकलेला हुकूम जोडला. अर्जाची फी ६० डॉलर. फी परवडत नसेल तर एफडब्ल्यू-००१ भरून माफी मागता येते.

पहिल्या खेपेला खिडकीवरून कागद परत आले. मजकुरावर कोणी नजरही टाकली नव्हती. कारण होते भोके. कागदी स्वरूपात दाखल होणाऱ्या प्रत्येक दस्तऐवजाला वरच्या बाजूला, कडेपासून पाच अष्टमांश इंचावर, एकमेकांपासून अडीच इंच अंतराने दोन भोके असावीत, असा नियम आहे. छापील नमुना नसलेला अर्ज डाव्या समासात ओळींचे आकडे छापलेल्या कागदावर लिहायचा असतो: पहिल्या ओळीपासून स्वतःचे नाव-पत्ता, उजवीकडची वरची जागा क्लार्कच्या शिक्क्यासाठी कोरी, आठव्या ओळीवर कोर्टाचे नाव, अकराव्या ओळीपासून डावीकडे प्रकरणाचे शीर्षक आणि त्याच्या उजवीकडे क्रमांक. गंमत अशी, की अर्ज हाताने लिहिला आहे, एवढ्या कारणावरून क्लार्कने तो नाकारू नये, असेही हाच नियमसंग्रह सांगतो. म्हणजे हस्ताक्षर चालते, भोके नसलेला कागद चालत नाही. सुरुवातीला मला याचा रागच आला. नंतर लक्षात आले, की ही माणसे दिवसभरात शेकडो कागद एका तारेत ओवतात आणि कागदात काय म्हटले आहे यावर मत देणे हे त्यांचे कामच नाही. ते मत हवे असेल तर प्रत्येक काउंटीच्या कोर्टातले मोफत सेल्फ-हेल्प केंद्र गाठावे. माझे प्रतिज्ञापत्र तिथल्या एका तरुणाने वाचून दिले आणि त्यातले दोन परिच्छेद चक्क खोडायला लावले. मी त्यांत वडिलांबद्दल लिहिले होते.

दुसऱ्या खेपेला मूळ कागद आणि त्याच्या दोन प्रती नेल्या. प्रती कधीही विसरू नयेत, कारण दाखल झाल्याचा शिक्का मारून परत मिळणारी प्रत हाच आपल्याकडचा पुरावा असतो. तारखेची मुदत तोंडावर असेल तर तो शिक्का सोन्याच्या मोलाचा ठरतो. शिवाय जोडलेल्या प्रत्येक पानावरून सोशल सिक्युरिटी क्रमांक आणि बँक खात्याचे आकडे शेवटचे चार सोडून खोडून टाकावेत. ती जबाबदारी दाखल करणाऱ्याची असते. क्लार्क ते तपासत बसत नाही.

सुनावणी जेमतेम तीन मिनिटे चालली. न्यायाधीशांनी दोन्ही पाने शेजारी ठेवून पाहिली, बोटाने ते अक्षर दाखवून “हेच ना?” असे विचारले आणि सही केली. दुरुस्त हुकमाची प्रमाणित प्रत त्याच दिवशी मिळाली. ती राज्याच्या राजधानीत, सॅक्रामेंटोला, कॅलिफोर्नियाच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या कार्यालयात पाठवून २० डॉलरमध्ये अपोस्टील करून घेतली. भारत २००५ पासून अपोस्टील करारात असल्याने पुढे वकिलातीच्या शिक्क्याची गरज उरत नाही. स्कॅन करण्यासाठी या प्रतीची पिन मात्र काढू नये. पाने सुटी झालेली दिसली की प्रतीविषयी शंका घेतली जाते. मी पिन न काढता, पाने वाकवून स्कॅन केले.

परवा सहज त्या सूचीत पुन्हा शोधून पाहिले. हुकूम दुरुस्त झाला असला तरी सूची आहे तशीच आहे, आणि आडनावाच्या रकान्यात अजूनही वडिलांचेच नाव आहे. ते बदलून मागण्यासाठीही अर्ज करता आला असता. मी खटला क्रमांक डायरीत लिहून ठेवला आणि ती ओळ तशीच राहू दिली.