टायगर मॉथचा रंग जुळवायला सातारा ते कुपवाड

"घेऊन या साहेब, रंग मोजायचं मशीन आहे. अर्ध्या तासात शंभर टक्के मॅच." सांगलीजवळच्या कुपवाडातल्या रंगवाल्यानं फोनवर दिलेल्या या भरवशावर टायगर मॉथ या दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या दुपंखी शिकाऊ विमानाच्या इंजिनावरचा पत्रा घेऊन साताऱ्याहून निघालो.

पेठ नाक्यापर्यंत हायवे, बोलायला नको. तिथून सांगलीपर्यंत मात्र हाल. एका अंगाला काम चाललेलं, दुसऱ्या अंगाला खड्डे आणि मध्ये दोन-दोन ट्रॉल्या लावलेले उसाचे ट्रॅक्टर. पत्रा सगळी वाट मांडीवर धरून बसलो. डिकीत टाकाल तर उरलासुरला रंग टवके होऊन गोधडीलाच चिकटेल. गळिताच्या दिवसांत आष्ट्याकडून संध्याकाळी जाऊच नका.

कुपवाड एमआयडीसीतल्या त्या दुकानात पोरानं मशीन थेट उन्हानं भुरकटलेल्या भागावर टेकवलं. पट्टीखाली झाकलेला मूळ रंग तिथंच बोटभर अंतरावर होता. तो दाखवला, तर म्हणे, "सगळं एकच येतं." ट्यूबलाइटखाली शेड जुळली, बाहेर आणली तर लालसर! जुन्या रंगातली रंगद्रव्यं वेगळी, आजच्या टिंटरमधली, म्हणजे दुकानात मिसळायच्या रंगातली, वेगळी. म्हणून एका उजेडात जुळलेला रंग दुसऱ्यात वेगळा दिसतो. फोनवर १८०० सांगितले होते, बिल ४२०० चं. का, तर "मिलिटरी शेड" आहे!

जाणाऱ्यांनी झाकलेली जागा आधी साबणाच्या पाण्यानं पुसून १००० नंबरच्या वॉटर पेपरनं नखाएवढी हलक्या हातानं घासावी. थर एकेक करून उघडे पडतात. युद्धानंतर मारलेला रंग कुठं संपतो ते तिथंच कळतं. मशीनच्या आकड्यावर जाऊ नका. बीएस ३८१सी या ब्रिटिश रंगमानकाचं शेडकार्ड सोबत ठेवा, त्यात मातकट तपकिरी डार्क अर्थचा नंबर ४५० आणि डार्क ग्रीनचा ६४१. पत्र्याच्या तुकड्यावर मॅट हात मारून, पूर्ण वाळवून, दुपारच्या उन्हात ताडून बघा. ग्लॉस मारला की तीच शेड गडद दिसते. तोवर पैसे देऊ नका.

आणि दोनच डबे आणून भागत नाही. युद्धाच्या सुरुवातीच्या टायगर मॉथवर वरच्या पंखाला डार्क अर्थ-डार्क ग्रीन, तर खालच्या पंखाच्या वरच्या बाजूला लाइट अर्थ-लाइट ग्रीन असे. वरच्या पंखाची सावली खालच्यावर पडते, म्हणून तो मुद्दाम उजळ. पोटाला शिकाऊ विमानाचा पिवळा. बेगमपेट-जोधपूरला वैमानिक याच जातीच्या विमानावर शिकले. पंख कापडी, तिथं गाडीचा रंग मारू नका, चिरा पडतात. कापड ताणून धरणारा डोप नावाचा लेपच लागतो.

दुसऱ्या दिवशी मिरज, भडंग वगैरे झालं, छान होतं. परतताना तासगाव-विटा-कडेगाव करून कराडला निघालो. लांब पडतं, पण मी तोच रस्ता सांगेन.

लालसर रंगाचा तो डबा अजून पडून आहे. कुणाला गेट रंगवायचं असेल तर घेऊन जा.