चौतिसाव्या मजल्यावरचं गरम पाणी

हॉटेलच्या खोलीत शिरल्यावर बहुतेक लोक आधी पडदे सारतात. मी बॅग दारातच सोडून बाथरूममध्ये जाते, बेसिनचा गरम पाण्याचा नळ उघडते, धारेखाली बोटं धरते आणि मनातल्या मनात सेकंद मोजते. दहाच्या आत पाणी गरम आलं तर हॉटेल चांगलं. तीसच्या पुढे गेलं, तर लॉबीत झुंबर कितीही मोठं असो, माझ्या लेखी ते नापास.

सवय धंद्याची आहे. उंच इमारतींच्या पाणीपुरवठ्याची आणि ड्रेनेजची ड्रॉइंगं काढण्यात माझी सगळी नोकरी गेली. अशा इमारतीत पाहुणी म्हणून झोपायची वेळ मात्र क्वचितच येते; आपण ड्रॉइंग द्यायचं आणि पुढच्या कामाला लागायचं. या वेळी एका मीटिंगच्या निमित्ताने शहराच्या अगदी मधोमध असलेल्या चाळीस मजली बिझनेस हॉटेलात मुक्काम पडला. इमारत माझी नव्हती आणि बिल कंपनी भरणार होती, म्हणजे नावं ठेवायला मी दोन्ही बाजूंनी मोकळी.

खोली चौतिसाव्या मजल्यावर. नळ सोडला. सातव्या सेकंदाला बोट मागे घ्यावं लागलं.

यात एवढं काय, असं कुणालाही वाटेल. पण विचार करा, पाणी तापवणाऱ्या टाक्या इथून बरेच मजले दूर, तळघरात नाहीतर मधल्या एखाद्या सर्व्हिस फ्लोअरवर, म्हणजे यंत्रांच्या मजल्यावर. पाइपात पाणी नुसतं उभं राहिलं की ते थंड होणारच. मग सकाळी पहिला नळ सोडणाऱ्याने बादल्या-बादल्या गार पाणी वाया घालवायचं. तसं होऊ नये म्हणून गरम पाण्याची लाइन एकेरी ठेवत नाहीत. वर गेलेलं पाणी रिटर्न लाइनने पुन्हा टाकीकडे येतं, आणि एक छोटा पंप ते रात्रंदिवस फिरवत राहतो. पहाटे तीन वाजता अख्खा मजला झोपलेला असतानाही तुमच्या भिंतीमागून गरम पाणी फिरतच असतं. नळ सोडल्यावर जे गार पाणी येतं ते फक्त मेन लाइनपासून नळापर्यंतच्या शेवटच्या तुकड्यातलं. तो तुकडा जितका आखूड तितके सेकंद कमी. जिथे मिनिटभर हात धरून उभं राहावं लागतं, तिथे कुणीतरी रिटर्न लाइनवर पैसे वाचवलेत किंवा पाणी सगळीकडे सारखं वाटणारा बॅलन्सिंग व्हॉल्व्ह कुणी न बघता पिळून ठेवलाय.

आणि हा फक्त चैनीचा प्रश्न नाही. कोमट, साचलेल्या पाण्यात लेजिओनेला नावाचा जिवाणू वाढतो. २० ते ४५ अंश हे त्याचं आवडतं तापमान. १९७६ साली फिलाडेल्फियाच्या एका मोठ्या हॉटेलात माजी सैनिकांच्या संघटनेचं अधिवेशन भरलं होतं. तिथून परतलेली माणसं न्यूमोनियाने आजारी पडत गेली आणि तीसेक जण दगावले. कारणीभूत जिवाणू पुढच्या वर्षी सापडला, आणि त्याला नावही त्या संघटनेवरूनच, ‘अमेरिकन लीजन’वरून, मिळालं. त्या वेळी संशय होता एसीच्या कूलिंग टॉवरवर. पण धडा पाण्याच्या सगळ्याच लाइनींना लागू पडला. म्हणून टाकीत ६० अंश, रिटर्नला किमान ५०, असा आमच्याकडे हिशोब असतो. खोली बरेच दिवस रिकामी राहिली तर तिथले नळ आणि शॉवर ठरावीक दिवसांनी सोडून ठेवावे लागतात, तेही यासाठीच.

एवढ्यात लेकीचा व्हिडिओ कॉल आला. “आई, व्ह्यू दाखव ना!” मी तिला शॉवरचा मिक्सर दाखवला. थर्मोस्टॅटिक होता, म्हणजे शेजारच्या खोलीत कुणी फ्लश ओढला तरी माझ्या अंगावर अचानक उकळतं पाणी पडणार नाही. “आई, व्ह्यू!” मग तिला खिडकीपाशी नेलं. खाली गाड्यांच्या रांगा, समोर दुसऱ्या टॉवरच्या काचा, त्या काचांत आमचाच टॉवर. छान होतं. पण उंचावरून सगळी शहरं मला सारखीच दिसतात, वेगळेपण असतं ते खालून बघताना.

खिडकी अर्थातच उघडत नव्हती. लोक त्यावर वैतागतात, पण चाळीस मजल्यांची इमारत म्हणजे आत कोंडलेल्या हवेची एक उंच चिमणीच. आतली हवा बाहेरच्यापेक्षा गरम असली की वर चढते आणि खालची दारं बाहेरची हवा ओढायला लागतात. लॉबीचं फिरतं दार शोभेसाठी आहे असं वाटतं खरं, पण ते कधीच पूर्ण उघडं पडत नाही, हीच त्यातली हुशारी. १८८८ साली थिऑफिलस व्हॅन कॅनेल यांनी त्याचं पेटंट घेतलं तेच वारा, धूळ आणि आवाज बाहेर ठेवण्यासाठी. वरच्या मजल्यांवर प्रत्येकाने आपापली खिडकी उघडली, तर खालच्या दारांची शिट्टी वाजेल.

लिफ्टबद्दल थोडक्यात. आत बटणंच नाहीत. बाहेरच्या पॅनेलवर मजला सांगायचा, मग ते सांगतं ‘सी’ लिफ्टने जा. एकाच भागात जाणारी माणसं एकत्र करायची, म्हणजे लिफ्ट कमी ठिकाणी थांबते. कागदावर उत्तम. प्रत्यक्षात रोज सकाळी एक तरी गृहस्थ चुकून दुसऱ्याच लिफ्टमध्ये शिरायचा, आत बटण शोधत भिंती चाचपायचा आणि आमच्याकडे अशा नजरेने बघायचा की जणू आम्हीच ती लपवलीत. गंमत म्हणजे लिफ्ट नव्हत्या तेव्हा वरचे मजले स्वस्त असत, कारण जिने चढायला लागायचे. १८५४ साली लिफ्टचा सुरक्षा ब्रेक बनवणाऱ्या एलिशा ओटिसने न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात भर लोकांसमोर स्वतः उभा असलेल्या पाळण्याचा दोर तोडायला लावला आणि पाळणा जागच्या जागी अडकून राहिला. असा भरवसा बसल्यावर हळूहळू वरचा मजला महाग झाला.

खोलीबद्दल लिहायचं तर उलट-सुलट रचनेबद्दल लिहायला हवं. माझी खोली आणि शेजारची खोली आरशातल्यासारख्या एकमेकींच्या उलट होत्या: माझं बाथरूम डावीकडे, तिचं उजवीकडे, मधे भिंत. हे कुणा सजावटकाराचं डोकं नव्हे. दोन बाथरूम पाठीला पाठ लावली की दोघांना मिळून एकच उभा शाफ्ट, म्हणजे पाइप नेण्याची पोकळी, पुरतो. पाइप निम्मे, दुरुस्तीची जागा एक. एल्सवर्थ स्टॅटलर या हॉटेलवाल्याने १९०८ साली अमेरिकेतल्या बफेलोमध्ये ही रचना मोठ्या प्रमाणावर वापरली, आणि त्यामुळेच सामान्य प्रवाशाला परवडेल अशा खोलीतही स्वतंत्र बाथरूम देणं त्याला जमलं. त्याआधी मजल्यावरचं बाथरूम सगळ्यांनी मिळून वापरायचं ही नेहमीची गोष्ट होती. दाराजवळच दिव्याचं बटण, प्रत्येक खोलीत टेलिफोन, हेही त्याच्याच हॉटेलात होतं. आज बिझनेस हॉटेलच्या जाहिराती वाय-फाय आणि लाउंजच्या असतात. पण हॉटेलचा सगळा आराखडा मला अजून त्या शाफ्टभोवतीच फिरताना दिसतो.

दाराजवळच्या बटणाचं स्टॅटलरला जमलं होतं, ते या हॉटेलने पुन्हा बिघडवून ठेवलं होतं. पलंगाजवळ टच पॅनेल. त्यावर ‘वेलकम’, ‘रिलॅक्स’, ‘वर्क’, ‘नाइट’. ‘नाइट’ दाबलं की सगळे दिवे बंद, फक्त पलंगाखालची एक निळसर पट्टी चालू. ती बंद करायला ‘रिलॅक्स’ दाबावं, तर छतावरचे चार दिवे पेटतात. शेवटी टॉवेल घडी करून पट्टीवर ठेवला. बाथरूम आणि झोपायची खोली यांच्यामध्ये भिंतीऐवजी काच, हेही मला आयुष्यात कळलेलं नाही. काचेला पडदा आहे, पण तो बाथरूमच्या बाहेरून ओढायचा. हे ज्याने ठरवलं तो माणूस या खोलीत दुसऱ्या कुणासोबत कधी राहिला नसणार. आणि ‘बिझनेस’ हॉटेल असून टेबल एवढंसं गोल, की लॅपटॉप ठेवला की कपाला जागा नाही. म्हणे हल्ली लोक पलंगावर बसूनच काम करतात. माझी पाठ करत नाही.

पहिल्या रात्री झोप लागली नाही ती मात्र हॉटेलची चूक नव्हे. ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ साली दाखवलं की अनोळखी जागी पहिल्या रात्री मेंदूचा एक अर्धा भाग दुसऱ्याइतका गाढ झोपत नाही, पहारा दिल्यासारखा जागा राहतो. माझा तो भाग पाइपांचे आवाज ऐकत होता. जवळजवळ काहीच ऐकू आलं नाही, याचा त्याला संताप नसून आदरच वाटला असणार.

नंतरच्या एका रात्री जोराचा वारा सुटला. उंच इमारती वाऱ्यात किंचित डोलतात, डोलायलाच हव्यात. ते आपल्या अंगाला कळण्याआधी कमोडमधल्या पाण्याला कळतं. मी दिवा लावून बघत बसले. पाणी कडेने हळूच वर-खाली होत होतं, घाबरण्यासारखं काहीच नाही. लेकीला व्हिडिओ पाठवला, तर तिचं उत्तर आलं: “आई, तू सुट्टी घे.”

निघायच्या आदल्या दिवशी रिसेप्शनवरच्या मुलीने विचारलं, काही हवंय का? मी म्हटलं, सर्व्हिस फ्लोअर आणि तिथली रिटर्न लाइन बघायची आहे. तिचा चेहरा बघण्यासारखा झाला. सुरक्षेमुळे नाही म्हणाली, ते बरोबरच होतं. पण संध्याकाळी चीफ इंजिनिअरांचा फोन आला, “मॅडम, रिटर्न लाइनबद्दल तुम्हीच विचारत होता ना?” आणि मग मला एका राखाडी दारातून पलीकडे नेण्यात आलं. दाराच्या अलीकडे गालिचा, मंद दिवे, फुलं. दाराच्या पलीकडे सिमेंट, ट्यूबलाइट, चादरींच्या गाड्या आणि भिंतीवर रंगाचे पट्टे मारलेले पाइप. आवाजही एकदम बदलतो.

सर्व्हिस फ्लोअरला पाहुण्यांच्या लिफ्टच्या पॅनेलवर आकडाच नाही. बाहेरून बघितलं तर इमारतीच्या मध्यावर जो बिनखिडक्यांचा जाळीदार पट्टा दिसतो, तो हा. इथे पाण्याच्या टाक्या, पंप, हीटर. दर १० मीटर उंचीला पाण्याचा दाब साधारण १ बारने वाढतो. गच्चीवरच्या एकाच टाकीतून सगळ्यांना पाणी दिलं असतं तर खालच्या मजल्यांच्या नळांवर १२-१३ बार आले असते. शॉवरला दोन-तीन पुरतात. पाचच्या पुढे नळ किंचाळतात आणि वॉशर टिकत नाहीत. म्हणून इमारत दहा-बारा मजल्यांच्या झोनमध्ये कापायची, प्रत्येक झोनला आपली टाकी किंवा पीआरव्ही, म्हणजे दाब कमी करणारा व्हॉल्व्ह. इंजिनिअरांनी प्रत्येक पीआरव्हीला गेज लावले होते आणि शेजारी वहीत रोजचं रीडिंग. पेनाने लिहिलेलं. सगळं कॉम्प्युटरवर दिसतं, तरी वही का, असं विचारलं तर म्हणाले, “वही लिहायला माणसाला इथपर्यंत यावं लागतं. आला की गळती त्याला दिसते.”

ड्रेनेजच्या स्टॅकपाशी, म्हणजे सांडपाण्याच्या मुख्य उभ्या पाइपापाशी, त्यांनी हसून विचारलं की मलाही लोक तो प्रश्न विचारतात का. विचारतात! चाळीस मजल्यांवरून पडलेलं पाणी खाली पाइप फोडत नाही का? नाही फोडत. उभ्या पाइपात पाणी मधोमध कोसळत नाही, भिंतीला पातळ थर धरून उतरतं आणि मधे हवा राहते. भिंतीच्या घर्षणाने त्याचा वेग काही मजल्यांतच स्थिरावतो; चाळिसाव्या मजल्यावरून निघालेलं पाणी दहाव्यावरून निघालेल्यापेक्षा जोरात आदळत नाही. खरी काळजी हवेची. पाणी उतरताना हवा ओढतं, आणि ती हवेसाठीच्या व्हेंट पाइपातून मिळाली नाही तर तुमच्या बेसिनखालच्या ट्रॅपमधलं, म्हणजे पाइपाच्या वाकवलेल्या भागातलं, पाणी शोषलं जातं. तिथलं ते जेमतेम पाच सेंटिमीटर पाणीच गटाराचा वास खोलीबाहेर ठेवतं. भारी हॉटेलच्या बाथरूममध्ये बारीक वास आला तर लोक साफसफाईला दोष देतात. बहुतेकदा फरशीखालचा ट्रॅप सुकलेला असतो. तांब्याभर पाणी ओता, वास जातो.

परत येताना मी त्यांना विचारलं, “तुम्हाला स्वतःला राहायचं असेल तर कुठली खोली घ्याल?”

ते क्षणभरही थांबले नाहीत. सर्वांत वरची नाही, कारण डोक्यावर कूलिंग टॉवर आणि लिफ्टची मोटर. सर्व्हिस फ्लोअरच्या लगत वर-खाली नाही, पंपांची घरघर येते. जिमच्या खाली तर मुळीच नाही. सकाळी साडेपाचला कुणीतरी वजनं टाकतंच. लिफ्टपासून तीन-चार दारं लांब, पण जिन्यापासून फार लांब नको, कारण अग्निशमन दलाच्या नेहमीच्या शिड्या तीसेक मीटरपर्यंत पोचतात आणि त्याहून उंच मजल्यांवर तुमचा भरवसा स्प्रिंकलरवर आणि जिन्यावर. झोनच्या मधल्या मजल्यावरची, म्हणजे दाब बेताचा. “सव्वीसावा मजला, कोपऱ्यापासून दुसरी,” ते म्हणाले. बुकिंग करताना ती खोली सगळ्यांत स्वस्त गटात दिसते, कारण समोर फक्त शेजारची इमारत आहे.