गवती चहाची कुंडी आणि रंगाचे पोपडे

मागच्या महिन्यात आमच्या चाळीच्या गॅलरीचं रेलिंग खरवडून रंगवलं आणि जुन्या रंगाचे सगळे पोपडे पडले माझ्या कुंड्यांत. गवती चहा, पुदिना, तुळस, तिन्हीत. आई म्हणाली झटकून टाक की, त्यात काय एवढं, पण घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९०) वर नको हा नियम आपल्याकडे लागू झाला २०१७च्या नोव्हेंबरात, आणि रेलिंगवरचा रंग माझ्याहून म्हातारा.

आता शिसं तसं आळशी. मातीत फॉस्फेटला वगैरे चिकटून बसतं, मुळात शिरलं तरी बरंचसं तिथेच अडकतं, पानावर सापडतं ते जास्त करून वरून बसलेल्या धुळीतलं, म्हणजे चोळून धुतलं की बऱ्यापैकी जातं. खरा चोरटा कॅडमियम, शिशासारखाच विषारी धातू! झाड जस्त घेतं त्याच दारातून मुळात घुसतो आणि पार पानापर्यंत पोचतो, मग धुवा कितीपण. झाड बिचारं गंधकवाले छोटे पेप्टाइड, म्हणजे प्रथिनांचे तुकडे, बनवून त्याला बांधतं, पेशीत एका कोपऱ्यात कोंडून ठेवतं, त्यामुळे थोडाफार असला तर वरून काही कळतच नाही, फारच झाला की मुळं आखूड राहतात, पानं पिवळी पडायला लागतात. औषधी वनस्पतींसाठी डब्ल्यूएचओची मर्यादा शिशाला किलोमागे १० मिलिग्रॅम आणि कॅडमियमला फक्त ०.३, यावरून काय ते समजा.

वासावर तर अजिबात जाऊ नका. अशा ताणात पानातलं वासाचं तेल कधी कमी होतं, कधी थोडं वाढतंसुद्धा, धातू कुठला, किती, झाड कुठलं यावर सगळं. गंमत म्हणजे बल्गेरियात प्लोवदिवजवळ शिसं-जस्ताच्या कारखान्याच्या आसपास मेंथॉलवाला पुदिना लावून बघितला होता, पीक कमी आलं पण तेल स्वच्छ, कारण वाफेवर तेल काढताना सुगंध वर उडतो आणि धातू चोथ्यात राहतो. म्हणून खराब जमिनीत असली पिकं घ्यायची आयडिया मला पटते. पण आपण कुठे तेल काढतो, आपण सरळ पातच चहात उकळतो ना.

शेवटी तिन्ही कुंड्या रिकाम्या केल्या. तुळशीवरून घरात थोडं वाजलंच. ती माती पोत्यात भरून जिन्याखाली ठेवलीये, कुठे टाकायची हे अजून कुणीच सांगत नाहीये.