क्लचच्या मागचं सगळं

भांडुपला एलबीएस मार्गापासून थोडं आत आमचं वर्कशॉप आहे. बोर्डावर लिहिलंय, 'जीप, जिप्सी : क्लचपासून मागे'. हे काय नवीन, असं आठवड्यातून एकदा तरी कुणी विचारतंच. अर्थ सरळ आहे. इंजिन आम्ही उघडत नाही, पत्रा ठोकत नाही, रंग मारत नाही. क्लच, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारी पेटी), प्रोपेलर शाफ्ट (ती ताकद नेणारा लांब दांडा), पुढचं-मागचं हाउसिंग (चाकांमधली गिअरची पेटी) आणि एक्सल, एवढंच करतो. एवढ्यावर मुंबईत धंदा चालतो का, ही शंका सुरुवातीला घरच्यांनाच होती.

सुरुवात जीपपासून झालीच नाही. मामांचं लेथ होतं, मी आयटीआय करून आलेला फिटर. नव्वदच्या दशकात आम्ही टेम्पो-ट्रकचे वाकलेले शाफ्ट सरळ करायचो, योक म्हणजे शाफ्टच्या टोकाचे दुबेळके बदलायचो, वेल्डिंग मारून पुन्हा बॅलन्स करायचो. त्यात अधूनमधून एखादी जुनी जीप यायची. मुंबईला जीप नवी नाही. महिंद्रांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीस विलीजच्या जीप जोडायला घेतल्या त्या आपल्या माझगावात. पुढे सरकारी खात्यांतून लिलावात निघालेल्या जीप आणि लष्करातून निघालेल्या जिप्सी बदलापूर, कर्जत, पालघरच्या वाड्यांवर गेल्या. त्यांचे मालक मात्र राहायचे मुलुंड, दादर, पार्ल्याला. गाडी बिघडली की इकडेच यायची. मामांना या गाड्या आवडायच्या नाहीत. एका टेम्पोच्या शाफ्टचे पैसे संध्याकाळी मिळतात, जीप मात्र आठवडाभर जागा अडवते, हा त्यांचा हिशोब. हिशोब चुकीचा नव्हताच.

२६ जुलै २००५ नंतर मात्र चित्र बदललं. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला हे सगळ्यांना पाठ आहे. पाण्यात बसलेल्या गाड्या मिळेल त्या गॅरेजमध्ये गेल्या. इंजिन उघडलं, वायरिंग सुकवलं, सीटं उन्हात टाकली, गाडी सुरू झाली, मालक खूश. हाउसिंगचा ड्रेन प्लग फारसा कुणी उघडला नाही. हाउसिंगला हवा जायला वर एक छोटा ब्रीदर असतो. पाणी त्याच्या वर गेलं की ते आत शिरतं. चालती गाडी पाण्यात घातली तर आणखी वाईट, कारण गरम हाउसिंग एकदम गार पडतं, आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून, सीलमधून पाणी ओढून घेते. आतलं गिअर ऑइल मग दुधाच्या चहासारखं दिसायला लागतं. गाडी त्या दिवशी बंद पडत नाही. बेअरिंगच्या रोलरवर गंज धरतो, त्याचे खड्डे पडतात आणि महिन्या-दोन महिन्यांनी मागून हुंकार सुरू होतो. गणपती झाले आणि आमच्या दारात घोंघावणाऱ्या गाड्यांची रांग लागली. त्यात जीप-जिप्सी जास्त होत्या, कारण 'आपली गाडी पाण्यातून जाते' या भरवशावर त्याच मुद्दाम पाण्यात घातल्या गेल्या होत्या. त्या वर्षी मामांनी टेम्पोचं काम शेजाऱ्याला दिलं.

या कामात सुटे भाग बदलणं सोपं असतं, कुठला बदलायचा ते ठरवणं कठीण. गिऱ्हाईक येतं ते निदान घेऊनच. 'क्रॉस गेलाय, नवा टाकून द्या.' क्रॉस म्हणजे शाफ्टच्या टोकाला दोन योक जोडणारा अधिकच्या खुणेसारखा सांधा. आम्ही आधी गाडी चालवतो. गिअर पुढून रिव्हर्समध्ये टाकताना खट्ट आवाज येतो का, हळू चालताना चूं चूं होतं का, रेस दिल्यावर घोंघावतं की सोडल्यावर, ठरावीक वेगाला फ्लोअर थरथरतो का. चूं चूं म्हणजे बहुतेक कोरडा पडलेला क्रॉस. कपाच्या कडेला तांबडी भुकटी दिसली की आतल्या सुया गंजल्या असं समजायचं. काढल्यावर क्रॉसच्या टोकांवर सुयांचे चर पडलेले असतात, नखाला लागतात. खट्ट आवाज मात्र क्रॉसचा असेल, स्लिप जॉइंटचा (शाफ्टला लांब-आखूड होऊ देणारा दातेरी सांधा) असेल किंवा क्राऊन-पिनियनमधल्या (हाउसिंगमधली गिअरची जोडी) खेळाचा, म्हणजे मोकळिकीचाही असेल. म्हणून डायल गेज लावून मोजायचं. या आकाराच्या हाउसिंगला साधारण ०.१५ ते ०.२५ मिलिमीटर खेळ हवा. त्याहून खूप जास्त निघाला तर क्रॉस कितीही बदला, आवाज तिथेच.

एका जिप्सीची गंमत सांगतो. थरथर जाईना म्हणून मालकांनी दुसरीकडे क्लचप्लेट बदलली, चाकं बॅलन्स केली, ट्रान्सफर केसची तिन्ही रबरं नवी टाकली. शाफ्ट खाली उतरवला तर दोन टोकांचे योक एका रेषेत नव्हते. कुणीतरी ग्रीस भरायला स्लिप जॉइंट सोडवला होता आणि बसवताना दाते चुकवून बसवला होता. तिरका बसलेला एकटा क्रॉस वेग सारखा देत नाही. शाफ्टच्या एका फेऱ्यात दोनदा पुढे पळतो, दोनदा मागे पडतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस ती चूक पुसून टाकतो, पण त्यासाठी दोन्ही योक एका रेषेत हवेत आणि दोन्हीकडचा कोन सारखा हवा. ते काम विनाखर्चाचं निघालं. आता आम्ही शाफ्ट सोडवण्याआधी पांढऱ्या रंगाची रेघ मारतोच, आणि दुसऱ्या गॅरेजवाल्यांनाही सांगतो. ज्यांना सांगतो त्यांतले निम्मे हसतात. गाडी दोन इंच उचलून घेणाऱ्या हौशी मंडळींनाही हेच सांगतो. उंची वाढली की कोन वाढतो, आणि मग क्रॉस पहिल्यासारखा टिकेल अशी अपेक्षा ठेवू नका.

तपासणीचे पैसे घ्यायला लागलो तेव्हा बरीच गिऱ्हाइकं तुटली. नुसतं बघायचे पैसे? हो. बघायलाच अर्धा दिवस जातो. मोजलेले आकडे लिहून हातात देतो. तो कागद घेऊन दुसरीकडे जायचं असेल तर खुशाल जा. काम इथेच केलंत तर ती रक्कम बिलातून वजा. माझ्या मते या धंद्यातला हा सगळ्यात चांगला निर्णय होता, आणि तो धाकट्या भावाचा.

माल ही वेगळी डोकेदुखी. जुन्या जीपचे भाग कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर भंगारात मिळतात, नवे दिल्लीच्या काश्मिरी गेटहून मागवता येतात, बेअरिंग आणि सील नागदेवी स्ट्रीटवर. डबा ओरिजिनल असला म्हणून आतला क्रॉस ओरिजिनल असेलच असं नाही. आमच्या उस्तादांची परीक्षा साधी आहे. कोपऱ्यावर कानस फिरवायची. घसरली तर पृष्ठभाग कडक आहे, लोखंड खाल्लं तर परत पाठवायचं. दुकानदार वैतागतात. जिप्सीच्या बाबतीत साल विचारल्याशिवाय एक्सल मागवतच नाही. १९८५ साली आलेली जिप्सी अरुंद, १९९३ साली ती ९० मिलिमीटरने रुंद झाली, मग १९९६ साली १२९८ सीसीची जिप्सी किंग आली. अरुंद गाडीचा एक्सल रुंद गाडीत बसत नाही.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे क्राऊन-पिनियनचे दाते मोजणं. मागचं क्राऊन-पिनियन झिजलं, बाजारात मिळालं ते बसवलं आणि पुढचं जुनंच राहिलं, अशा गाड्या येतात. दोन्हीकडच्या दात्यांचं प्रमाण वेगळं असेल तर टू व्हीलमध्ये गाडी छान चालते. फोर बाय फोर लावलं की पुढची आणि मागची चाकं एकमेकांशी भांडतात, आणि भांडण ट्रान्सफर केसमध्ये मिटवलं जातं. प्रमाण जुळत असलं तरी कोरड्या डांबरावर फोर बाय फोर लावू नका. या गाड्यांच्या मध्यभागी डिफरन्शियल, म्हणजे पुढच्या-मागच्या शाफ्टला वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जुळणी, नसतं. वळताना पुढची चाकं मोठा रस्ता कापतात, शाफ्टला पीळ बसतो आणि लिव्हर अडकते. तसं झालं तर थोडं सरळ मागे घ्या, पीळ सुटतो. लिव्हरवर पाय ठेवून ढकलू नका. ढकलणारे आहेत म्हणून सांगतो.

ऑइलबद्दल एकच. हाउसिंगला जीएल-५ दर्जाचं ऑइल लागतं, कारण तिथे दाते एकमेकांवर घसरत फिरतात. तेच ऑइल जुन्या गिअरबॉक्समध्ये ओतलं तर गिअर अलगद पडायला मदत करणाऱ्या पितळी सिंक्रो रिंगांना मानवतंच असं नाही. पुस्तकात जे लिहिलंय ते घाला, उरलंय म्हणून घालू नका.

जीएसटी, लॉकडाऊन हे सगळ्यांच्याच वाट्याला आलं, आमच्याही. लॉकडाऊनमध्ये गाड्या उभ्या राहिल्या आणि उभ्या गाडीची सीलं कडक होतात, त्यामुळे नंतरचे काही महिने गळती बंद करण्यातच गेले. आता पंधरा वर्षं झालेली गाडी पुन्हा पास करून घ्यायची म्हणून काम करवून घेणारे वाढलेत. दुसऱ्या बाजूने जिप्सी बनणंच बंद झालंय, भाग कमी होत चाललेत. म्हणून ट्रान्सफर केसच्या झिजलेल्या भोकांना स्लीव्ह घालणं, फ्लँज नव्याने बनवणं अशी कामं पुन्हा मामांच्या लेथवर आली आहेत. मामा सत्तरी ओलांडलेत, तरी मायक्रोमीटर दुसऱ्याच्या हातात देत नाहीत.

बटणावर फोर बाय फोर लागणाऱ्या नव्या गाड्या आम्ही घेत नाही. भाचा घेऊ म्हणतो. त्याला लॅपटॉप आणि स्कॅनर घेऊन दिलाय, मागचा गाळा रिकामा करून दिलाय. बघू. तोवर जुन्यांसाठी सांगणं एवढंच, की मेमध्ये या. जूनच्या पहिल्या पावसात सगळे एकदम येतात आणि क्राऊन-पिनियनची सेटिंग घाईत होत नाही. निळी पेस्ट लावायची, फिरवायचं, छाप कुठे उमटतो ते बघायचं, शिम म्हणजे पातळ चकती बदलायची, पुन्हा उघडायचं. एका हाउसिंगला कधी कधी पूर्ण दिवस जातो आणि त्या दिवसाचे पैसे आम्ही लावतो.