पाइप आणि कपलर: दोन जाळ्यांचं जमवायचं कसं?

संगणकावर ताण मोजताना वस्तूचे छोटे घटक पाडतात; त्या घटकांची मिळून जाळी, आणि घटकांचे कोपरे म्हणजे नोड. दोन भागांच्या जाळ्या सांध्यावर जुळल्या नाहीत तर काय होतं? जळगावच्या पीव्हीसी पाइपचंच उदाहरण घेऊ. बाहेरचा व्यास ११० मिमी, वर कपलर, म्हणजे दोन पाइप जोडणारा तुकडा. पाइपच्या घेराला २४ भाग दिले, तर जीवा आणि खऱ्या वर्तुळात ०.४७ मिमी फरक पडतो. ४८ दिले तर ०.१२. आता कपलरला ३६ भाग दिले की दोन्ही पृष्ठभाग कुठे एकमेकांत घुसतात, कुठे फट सोडतात. ताणाच्या चित्रात दिसणारे ठिपके त्यातूनच येतात. ते खरे समजून जाडी वाढवू नका!

मुळात जाळी नंतर जुळवण्यापेक्षा भूमिती आधी जुळवावी. जीमेश या जाळी बनवणाऱ्या प्रोग्राममध्ये ओपनकॅस्केड (भूमिती हाताळणारा भाग) वापरून बूलियनफ्रॅग्मेंट्स ही आज्ञा चालवा. सांध्याचा पृष्ठभाग दोन्ही घनांना सामाईक होतो, नोड आपोआप एकच.

जाळ्या तयारच मिळाल्या असतील आणि नोड समोरासमोर असतील, तर नोड विलीन करा. टॉलरन्स, म्हणजे किती अंतरापर्यंतचे नोड एक मानायचे ते, सर्वांत लहान कडेच्या दहाव्या हिस्स्याहून कमी. जास्त ठेवला तर पातळ भिंतीतले घटकच चपटे होतात, आणि सॉल्व्हर (गणित सोडवणारा प्रोग्राम) ऋण जेकोबियन, म्हणजे घटक उलटापालटा झाला, म्हणून ओरडतो.

नोड जुळतच नसतील तर टाय, म्हणजे एका पृष्ठभागाचे (दुय्यम) नोड दुसऱ्या पृष्ठभागाला (मुख्य) बांधून टाकणं. बारीक जाळीचा पृष्ठभाग दुय्यम, जाडसर मुख्य. उलटं केलं की मुख्य पृष्ठभागाचे काही नोड मोकळेच राहतात.

तपासणी सोपी आहे. आधार काढून मोडल विश्लेषण (वस्तूच्या स्वाभाविक कंपनांच्या वारंवारिता काढणं) चालवा: जवळपास शून्य वारंवारिता सहाच हव्यात, एका मोकळ्या वस्तूच्या तीन सरकण्याच्या आणि तीन फिरण्याच्या. बारा आल्या, तर पाइप आणि कपलर अजून वेगळेच आहेत.