दिवा पेटलाच नाही

गणपतीच्या आधी सासूबाईंना चिपळूणला सोडायला निघाले होते. कराड, पाटण, कोयनानगर आणि मग कुंभार्ली घाट. बारा वर्षांत शंभरेक वेळा तरी हा घाट उतरले असेन. घाटात मी गाडी दुसऱ्या गिअरवरच ठेवते, ब्रेकवर पाय ठेवून बसत नाही. तरी पोफळीच्या वर पुढच्या उजव्या चाकातून खर्रखर्र आवाज यायला लागला, पत्र्यावर विळा घासावा तसा. मागून आई म्हणाल्या, "अगं, काहीतरी जळतंय."

हळूहळू खाली उतरलो. चिपळुणात ओळखीच्या मिस्त्रींनी चाक काढलं आणि आतल्या बाजूचा ब्रेक पॅड माझ्या तळहातावर ठेवला. ब्रेक दाबला की चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर घासून गाडी थांबवते ती ही पट्टी. नवा असताना त्यावर दहा-बारा मिलिमीटर जाड थर असतो. तीन मिलिमीटर उरला की बदलायचा. माझ्या हातात नुसती लोखंडी पट्टी होती, एका कडेला निळी पडलेली. डिस्कवर बोटाला लागतील एवढ्या खोल रेघा. "ताई, कॅलिपरची, म्हणजे पॅड दाबणाऱ्या चिमट्याची, पिन जाम झाली होती, म्हणून आतला पॅड आधी संपला. पण तुमच्या गाडीला सेन्सर आहे की. दिवा नाही लागला?"

नव्हता लागला. पॅडच्या आत एक बारीक वायर असते. पॅड ठरावीक जाडीपर्यंत झिजला की डिस्क ती वायर कापते, सर्किट तुटतं आणि मीटरमध्ये दिवा लागतो. इतकी साधी युक्ती. मिस्त्रींनी वायरचं टोक दाखवलं, ती कापली गेलेली होती. म्हणजे सेन्सरनं आपलं काम केलं होतं, मीटरनंच ते ऐकलं नव्हतं.

आणखी एक खूण असते, ती मला तिथेच कळली. पॅड झिजतात तसे त्यांना दाबणारे पिस्टन बाहेर येतात आणि डबीतलं ब्रेक ऑइल खाली जातं. दोन महिन्यांपूर्वी वळणावर हँडब्रेकचा दिवा लुकलुकला, तेव्हा मी पेट्रोल पंपाशेजारच्या दुकानात ऑइल भरून घेतलं होतं. दिवा गेला, मीही निश्चिंत झाले. ऑइल कमी झालं तर आधी चाक काढून पॅड बघायचे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून इथे लिहितेय.

गाडी 2019 ची, पुण्यातल्या एका गृहस्थांकडून घेतलेली. सहज विचारावं म्हणून त्यांना फोन केला. संध्याकाळी त्यांनी व्हॉट्सॲपवर एका पत्राचा फोटो पाठवला. कंपनीचं रिकॉलचं, म्हणजे दोष काढायला गाडी परत बोलावल्याचं, पत्र! मीटरच्या सॉफ्टवेअरमधल्या चुकीमुळे ब्रेक पॅड झिजल्याची सूचना मिळणार नाही, वर्कशॉपमध्ये फुकट दुरुस्त करून घ्यावी. पत्र आठ महिन्यांपूर्वीचं. आरसी केव्हाच माझ्या नावावर झालीय, पण कंपनीच्या दप्तरी मालक अजून तेच. त्यांनी बिचाऱ्यांनी "गाडी विकली" म्हणून पत्र ड्रॉवरमध्ये टाकलं होतं. त्यांच्यावर राग नाही. राग आहे तो एका पत्रावर काम झालं असं समजणाऱ्या कंपनीवर.

आपल्याकडे कंपन्यांनी स्वतःहून गाड्या परत बोलवायची पद्धत 2012 पासून आहे. 2019 च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात गाड्या परत बोलावण्याबद्दलचं कलम 110 अ आलं. 1 एप्रिल 2021 पासूनच्या नियमांत सात वर्षांच्या आतल्या गाड्यांबद्दल पुरेशा तक्रारी आल्या तर सरकार सक्ती करू शकतं, कंपनीला दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. कायदा चांगला आहे. पण जुनी गाडी घेणाऱ्याच्या दारापर्यंत ती बातमी पोचणार कशी? आपल्याकडे किती घरांत पहिली गाडी सेकंडहँडच येते! म्हणून गाडी घेतल्या दिवशीच आरसीवरचा चेसिस नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकून बघा, नाहीतर वर्कशॉपला फोन करून विचारा. पाच मिनिटांचं काम आहे. वर्षातून एकदा पुन्हा बघा, कारण रिकॉल गाडी घेतल्यानंतरही निघतो.

पॅड आणि डिस्कचा खर्च मी केला. तो परत मागणारा अर्ज दिलाय, उत्तराची वाट बघतेय. सॉफ्टवेअर मात्र कराडच्या वर्कशॉपमध्ये पाऊण तासात फुकट बदलून मिळालं. काम झाल्यावर तिथल्या पोराला म्हटलं, दिवा लागतो का ते मला दाखव. त्यानं चाकाजवळचा सेन्सरचा कनेक्टर ओढून काढला. मी आत बसले होते. मीटरमध्ये पिवळा दिवा लागला.

त्याला कनेक्टर लावून पुन्हा एकदा काढायला सांगितला.